शहराचा ऊर्जा-बदल पुढे नेणारी माणसं कशी तयार करायची? पुण्यासाठी अभ्यासक्रमाचा कच्चा आराखडा

अंशुमाली | ९ जून, रात्री ९:४०

पुण्यात ऊर्जेच्या क्षेत्रातली माणसं कमी नाहीत. अपारंपरिक ऊर्जेसाठीच्या राज्य संस्थेचं, म्हणजे महाऊर्जाचं, मुख्यालय इथे आहे, वीजधोरणावर बारकाईने काम करणारा प्रयास ऊर्जा गट इथला, अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी बाणेर रस्त्यावर यशदा आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि आयटीआय तर आहेतच. तरीही पाणीपुरवठ्याचा पंप बदलायचा, पथदिव्यांचा करार लिहायचा, बस आगारात चार्जर बसवायचे, शाळांच्या गच्च्यांवर सौर संच लावायचे म्हटलं की प्रत्येक वेळी गाडी एकाच जागी अडते. ऊर्जा लेखापरीक्षणाचा अहवाल येतो आणि कपाटात जातो. अहवाल लिहिणाऱ्याला निविदा लिहिता येत नाही, निविदा लिहिणाऱ्याला मोजमाप कळत नाही, आणि बिल मंजूर करणाऱ्याला बचत सिद्ध कशी झाली ते कळत नाही.

ऊर्जा दक्षता ब्युरोची परीक्षा चांगली आहे. ऊर्जा व्यवस्थापकाला ३ पेपर, लेखापरीक्षकाला ४. पण ती मुख्यतः कारखान्यातल्या बॉयलर, पंप, कॉम्प्रेसरभोवती फिरते. शहर चालवणाऱ्याला त्यापलीकडचं हवं.

माझा प्रस्ताव असा:

१. प्रवेश एकट्याला नाही, तिघांच्या गटाला. एक विद्युत किंवा यांत्रिकी शाखेचा कनिष्ठ अभियंता वा उपअभियंता, एक लेखा विभागातला माणूस, आणि ज्या खात्याचं काम आहे तिथला एक (पाणीपुरवठा, शिक्षण विभाग, परिवहन, घनकचरा).

२. गटाने येताना स्वतःच्या खात्याच्या एका वीजजोडणीची मागच्या २४ महिन्यांची बिलं आणायची. पूर्ण वर्ष त्याच जोडणीवर काम.

३. पहिले ६ आठवडे फक्त बिलं. पुढचे ८ आठवडे जागेवर मोजमाप. मग पूर्वगणन पत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज), निविदेचा मसुदा, करारातली बचत-पडताळणीची कलमं. शेवटी काम झाल्यावरचं मोजमाप.

४. प्रमाणपत्र उपस्थितीवर नाही. मोजलेली आकडेवारी असलेली, मंजुरीला पाठवण्याजोगी फाइल हातात असेल तरच.

यात काय चुकतंय, काय राहिलंय, ते स्पष्ट लिहा. आपापल्या विषयातला एक तरी सराव आकड्यांसह सुचवलात तर फार उपयोग होईल.

---

पंपघर | ९ जून, रात्री १०:२५

मुद्दा २ आणि ४ मनापासून पटले. पुण्यासारख्या चढउताराच्या शहरात पाणी वर चढवणं हा पालिकेच्या वीजखर्चातला मोठा भाग असतो, म्हणून पहिला सराव पंपाचाच ठेवा. सूत्र एकच पाठ करायला लावा: जलशक्ती (किलोवॉट) = प्रवाह (घनमीटर प्रति तास) × एकूण हेड (मीटर) ÷ ३६७. हेड म्हणजे पाणी चढवायची उंची अधिक पाइपमधल्या घर्षणाचा भार.

उदाहरण. प्रवाह ५००, हेड ६०. ५०० × ६० ÷ ३६७ = ८१.७ किलोवॉट. मोटर वीजजोडणीतून १५० किलोवॉट ओढत असेल तर संपूर्ण संचाची कार्यक्षमता ५४.५ टक्के. मोटर ९३ टक्क्यांची धरली तर पंप एकटा ५८–५९ टक्क्यांवर आलाय. त्याजागी ८० टक्क्यांचा पंप आणि ९५ टक्क्यांची मोटर लावली तर १०७.५ किलोवॉट पुरतात. वाचले सुमारे ४२.५ किलोवॉट. दिवसाला १६ तास चालणाऱ्या पंपावर वर्षाचे ५,८४० तास, म्हणजे २.४८ लाख युनिट. ८ रुपये दर धरला तर वर्षाला २० लाखांच्या जवळ.

हे गणित कागदावर सोपं आहे. जागेवर चुकतं ते इथे:

प्रवाह. अल्ट्रासॉनिक मापक पाइपला बाहेरून लावतात. त्याच्या आधी पाइपच्या व्यासाच्या किमान १० पट आणि नंतर ५ पट सरळ लांबी लागते. पंपघरात एवढी सरळ लांबी क्वचितच मिळते, मग कोपराच्या शेजारीच मापक चिकटवला जातो आणि वाचन कितीही इकडेतिकडे जातं. जुन्या बिडाच्या पाइपला आतून गंजाचा थर असतो. आतला व्यास कागदावरून घेतला तर प्रवाह प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो आणि वाईट पंप चांगला ठरतो. उपाय: टाकीची पातळी ठरावीक वेळात किती चढली ते मोजून प्रवाह पडताळायचा. त्या वेळी टाकीतून बाहेर जाणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवा, नाहीतर तीही पडताळणी फुकट.

हेड. नेमप्लेटवरचं हेड घेऊ नका. डिलिव्हरी आणि सक्शन दोन्हीकडे दाबमापक लावा, दोघांच्या उंचीतला फरक मिळवा. मापक शक्यतो डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या आधी आणि नंतर असे दोन लावावेत. दोन्हींत मोठा फरक आला तर पंप व्हॉल्व्ह दाबून चालवला जातोय. तिथे नवा पंप घेण्याआधी इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) कापून लहान करणं स्वस्त पडतं.

आणि एक गैरसमज पहिल्याच आठवड्यात काढून टाका: व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावला की वीज वाचते. वेग कमी केला की शक्ती घनाच्या प्रमाणात घटते हे फक्त घर्षणाचं हेड प्रबळ असेल तिथे लागू. टेकडीवरच्या टाकीत पाणी चढवताना बहुतेक हेड उंचीचं असतं. तिथे वेग थोडा जास्त कमी केला की पाणी चढायचंच थांबतं आणि पंप गरम होत राहतो.

---

ऋता | १० जून, सकाळी ७:१५

तिघांचा गट ही कल्पना उत्तम, पण कारण आणखी ठसठशीत लिहा. अधिकाऱ्यांची बदली होते. एकच माणूस शिकला आणि वर्षभरात दुसऱ्या खात्यात गेला तर सगळं त्याच्याबरोबर गेलं. तिघांतला एक तरी टिकतो. शिवाय गटाने मीटर क्रमांक, ग्राहक क्रमांक, मोजमापाच्या जागांचे फोटो, सीटीचं (मोठा विद्युतप्रवाह मोजण्याजोगा लहान करणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचं) गुणोत्तर, मूळ वाचनं अशी जागेची नोंदवही तयार करायची आणि ती खात्यात राहायला हवी. येणाऱ्या नव्या माणसाला ती वाचून पुढचं वाचन घेता आलं पाहिजे. तीच परीक्षेची एक अट करा: गटाबाहेरच्या एखाद्याने फक्त नोंदवहीच्या आधारे मोजमाप करून दाखवायचं.

---

केव्हीए_तास | १० जून, सकाळी ९:०५

बिलाचे ६ आठवडे जास्त वाटतील, पण नाहीत. महावितरणचं उच्चदाब बिल नीट वाचता आलं तर निम्मे निर्णय तिथेच होतात. मागणी आकार, ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन, विद्युत शुल्क, आणि दिवसाच्या वेळेनुसारचे बदल हे सगळं वेगवेगळं काढून २४ महिन्यांचा तक्ता करायचा. "एकूण रक्कम भागिले युनिट" असा सरासरी दर काढून बचतीची किंमत लावणं ही सर्रास होणारी चूक आहे. मागणी आकार पंपाचे तास कमी केल्याने घटत नाही, एका वेळी किती भार ओढला त्याने घटतो. बचतीच्या प्रत्येक युनिटला फक्त त्या तासाचा ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचं शुल्क एवढंच लावायचं.

दुसरी गोष्ट सौर संच आणि पॉवर फॅक्टरची (ओढलेल्या एकूण भारापैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा). राज्यात उच्चदाब ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे कामी न येणारा भारही धरून, बिल येतं, म्हणून ही चूक थेट पैशात दिसते.

इमारतीचा भार १०० किलोवॉट, पॉवर फॅक्टर ०.९५. म्हणजे सोबत सुमारे ३३ केव्हीएआर (कामी न येणारा, रिअॅक्टिव्ह भार). दुपारी गच्चीवरचा संच ७० किलोवॉट देतो, तेही एकक पॉवर फॅक्टरवर. ग्रिडकडून आता ३० किलोवॉट लागतात, पण ३३ केव्हीएआर तेवढेच राहतात. दोन्ही मिळून एकूण भार, म्हणजे केव्हीए, झाले ४४.६, पॉवर फॅक्टर ०.६७. संच बसवणारा म्हणतो ७० टक्के वीज वाचली. बिलात मात्र त्या तासाला केव्हीए १०५ वरून ४४.६ वर येतात, म्हणजे ५८ टक्केच.

उपाय तीन, याच क्रमाने तपासायचे. एपीएफसी पॅनेलची (कपॅसिटर जोडून पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं पॅनेल) सीटी मुख्य इनकमरवर, म्हणजे ग्रिड आणि सौर जोडणीच्या मधल्या बिंदूवर आहे ना? फक्त भाराच्या बाजूला असेल तर पॅनेलला ही घसरण दिसतच नाही. दुसरं, कपॅसिटरच्या पायऱ्या लहान आहेत का? २५ केव्हीएआरच्या पायऱ्या असतील तर ३३ गाठता येत नाहीत. ५ च्या दोन-तीन जोडाव्या लागतात. तिसरं, इन्व्हर्टरला रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर द्यायची सेटिंग करणं. बहुतेक थ्री-फेज इन्व्हर्टरमध्ये ती असते, फक्त कार्यान्वित करताना कुणी हात लावत नाही.

---

सोसायटीचा_सेक्रेटरी | १० जून, दुपारी १:३०

सगळं पालिकेच्या कर्मचाऱ्यांसाठीच का? पुण्यातली बरीचशी छपरं सोसायट्यांची आहेत. समितीतल्या लोकांना चार दिवसांचं तरी प्रशिक्षण हवं. सौरवाला आला की तीन कोटेशनं येतात आणि तिन्हींत फक्त किलोवॉट आणि किंमत. तुलना कशी करायची तेच समजत नाही. आमच्यासारख्यांना नेमकं काय शिकवाल?

---

गच्चीवरचा_सूर्य | १० जून, दुपारी ३:१०

सेक्रेटरीसाहेब, रास्त प्रश्न. चार दिवसही नकोत, दोन पुरेत. पण दुसरा दिवस गच्चीवर.

आधी क्षमता. सामाईक मीटरचा (लिफ्ट, पंप, जिना, पार्किंग) मासिक वापर काढा. पुण्यात १ किलोवॉटमागे वर्षभराची सरासरी दिवसाला सुमारे ४ युनिट धरतात. वापर ३,००० युनिट असेल तर २५ किलोवॉट. सावली नसलेली जागा किलोवॉटला १० चौ.मी. प्रमाणे २५० चौ.मी. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे इथे ४.५ लाख. (वैयक्तिक घराला २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, कमाल ७८,०००.)

"जरा मोठाच बसवू" हा मोह टाळा. नेट मीटरिंगमध्ये (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होते) शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण हिशोब ३१ मार्चला मिटतो. पुण्यात हिवाळा-उन्हाळ्यात निर्मिती भरपूर आणि जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे कमी. ऑक्टोबरपासून साठलेली शिल्लक मार्चअखेर बाजारभावाने नाही, ठरावीक कमी दराने जाते. पावसाळ्यासाठी ती राखून ठेवता येत नाही. मंजूर भार आधी तपासा. संच त्याहून मोठा असेल तर भारवाढीचा अर्ज आणि कधी कधी रोहित्राची क्षमता हे दोन्ही प्रश्न येतात.

कोटेशनमध्ये मागायच्या गोष्टी:

स्ट्रक्चरचं गणित. पुण्यासाठी आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर. त्याचा मूळ दाब ०.६ × ३९ × ३९, म्हणजे चौरस मीटरला ९१० न्यूटनच्या वर. २.६ चौ.मी.च्या एका पॅनेलवर हा भार २४० किलोच्या घरात जातो, आणि वारा खालून उचलतो. इमारतीची उंची, गच्चीची कड, भूभाग यांचे गुणक वेगळे. "आमचं स्ट्रक्चर मजबूत असतं" हे उत्तर चालणार नाही. स्ट्रक्चरल अभियंत्याच्या सहीचा कागद हवा.

गच्चीचा कोबा. आपल्याकडे स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा असतो. त्यातून अँकर आरपार ठोकले की पुढच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावर गळती. पाया स्लॅबला बांधलेल्या काँक्रीट पेडेस्टलवर हवा आणि भोवतालचं वॉटरप्रूफिंग त्याच कंत्राटात. वेगळ्या कंत्राटात ठेवलं तर गळतीची जबाबदारी कुणीच घेत नाही.

डीसी बाजू. दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी-४ कनेक्टर एकमेकांत बसतात, पण संपर्क पूर्ण होत नाही. रोध वाढतो, तापतात, वितळतात. गच्चीवरच्या आगीचं हे नेहमीचं कारण. पॅनेलला जो कनेक्टर आलाय त्याच बनावटीचा जोडीदार, आणि क्रिंपिंग त्यासाठीच्या हत्याराने. पकडीने दाबलेला सांधा नाकारा.

अर्थिंग तीन स्वतंत्र: डीसी, एसी आणि तडितरोधक. पावसाळ्यात मोजलेला रोध नेहमी चांगलाच येतो, म्हणून मोजमाप एप्रिल-मे महिन्यात.

मिळकत करातल्या सवलतीसाठीही कागद नीट ठेवा. सौर, पर्जन्यजल, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असेल तर ५ टक्के आणि दोन वा जास्त असतील तर १० टक्के अशी पुणे पालिकेची पद्धत आहे, पण प्रकल्प चालू स्थितीत असल्याचं दाखवावं लागतं.

---

निविदाकार | १० जून, रात्री ८:५०

तांत्रिक बाजू इथे उत्तम मांडली जातेय. मी कराराकडे वळतो, कारण खरा घोळ तिथे होतो.

पथदिव्यांचा सराव घ्या. १,००० सोडियम दिवे, प्रत्येकी १५० वॉट आणि चोकचे २० वॉट. रोज ११ तास. वर्षाला ६.८३ लाख युनिट. एलईडी ७० वॉटचे केले तर २.८१ लाख. बचत ४.०१ लाख.

आता कराराआधीच्या वर्षी १५ टक्के दिवे बंद होते असं समजा. मग प्रत्यक्ष बिल ५.८ लाख युनिटचं. कंत्राटदार सगळे दिवे चालू ठेवणार, म्हणून बिलावर बचत दिसणार २.९९ लाख. दोन आकड्यांत १ लाख युनिटचा फरक, दर वर्षी. आधाररेषा (बचत ज्या आधीच्या वापराशी ताडायची तो आकडा) कोणती ते करारात नसेल तर पहिल्याच वर्षी लवाद. कंत्राटदाराचं म्हणणं खोटं नाही, लेखापरीक्षकाचा आक्षेपही खोटा नाही.

म्हणून आधाररेषा ठरवताना दोन्ही पक्षांनी मिळून दिव्यांची मोजणी, बंद दिव्यांची यादी, फिडरनिहाय (वीजवाहिनीनिहाय) भार आणि रस्त्यावरचा उजेड लक्समध्ये मोजून सह्या करायच्या. उजेड का? वॉट कमी करून बचत दाखवणं सोपं असतं. रस्ता अंधारा झाला तर ती बचत नाही, ती कपात आहे.

पडताळणीसाठी आयपीएमव्हीपीचे (बचत मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचे) चार पर्याय शिकवा आणि कुठे कोणता ते ठरवायला लावा. पथदिव्याला ए: भार मोजायचा, तास ठरवून घ्यायचे. पंपाला बी: वीज आणि प्रवाह दोन्ही सतत मोजायचे. पूर्ण इमारतीत एकाच वेळी अनेक कामं केली असतील तर सी, म्हणजे मुख्य मीटरवरून, हवामान आणि वापराचा बदल वजा करून. डी संगणकीय प्रतिकृतीचा, नव्या इमारतींना. पंपासाठी ए स्वीकारला की कंत्राटदार पंप चालवतो किंवा नाही, पैसे तेवढेच जातात.

आणि एक आर्थिक गाठ. खात्याने वीज वाचवली की पुढच्या अंदाजपत्रकात त्याची वीजतरतूद तेवढीच कापली जाते. मेहनतीचं फळ म्हणून तरतूद गेली. बचतीचा ठरावीक हिस्सा वेगळ्या लेखाशीर्षात वळवून तोच पुढच्या कामाला वापरायचा ठराव आधीच करून घ्यावा लागतो. लेखा विभागातला माणूस गटात हवाच तो यासाठी.

कर्जउभारणीवर एक सत्र पुरे, पण ते असावं. पुणे पालिकेने २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटींचे रोखे काढले होते. इंदूरने २०२३ मध्ये नर्मदेचं पाणी उचलण्याच्या वीजखर्चासाठी जलूद इथल्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पाकरता २४४ कोटींचे हरित रोखे काढले. दोन्हींची कागदपत्रं शेजारी ठेवून परतफेड कुठल्या उत्पन्नातून बांधली आहे ते शोधायला सांगा.

---

आगार | ११ जून, सकाळी ६:५०

बसचा सराव माझ्याकडून. भेकराईनगर आगारातून २०१९ पासून ई-बस धावताहेत, त्यामुळे पुण्यात प्रत्यक्ष पाहायला जागा आहे.

आगारात ६० बस, १२ मीटरच्या, वातानुकूलित. दिवसाला २०० किमी, किमीला १.३ युनिट. बसला लागतात १५,६०० युनिट. चार्जरमधली गळती ८ टक्के धरली तर मीटरवर सुमारे १७,००० युनिट.

चार्जर २४० किलोवॉटचे, दोन गनचे, ३० नग. सगळे एकदम पूर्ण क्षमतेने चालले तर ७,२०० किलोवॉट. नवशिका याच आकड्यावर रोहित्र, केबल आणि कंत्राटी मागणी (वीज कंपनीशी ठरलेला कमाल भार) ठरवतो. रात्री ११ ते पहाटे ५ या ६ तासांत सारखं वाटून चार्ज केलं तर लागतात २,८०० च्या आसपास. आता मार्गांच्या वेळापत्रकात हात घाला. दुपारी प्रवासी कमी असतात. ११ ते ३ या वेळात बस आळीपाळीने आगारात आणून ४० टक्के ऊर्जा तेव्हा भरली तर दिवसाचे १,७०० आणि रात्रीचेही १,७०० किलोवॉट. ७,२०० वरून १,७००, तेही एकही बस न वाढवता. वर केव्हीए_तास यांनी सांगितलं तसा मागणी आकार याच आकड्यावर लागतो.

दुपारचं चार्जिंग पुढे आणखी महत्त्वाचं. केंद्राच्या २०२३ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांत दिवसातले ८ सौर तास सामान्य दरापेक्षा स्वस्त ठेवायचं धोरण आहे. "रात्रीची वीज स्वस्त" हे जुनं गृहीतक धरून दहा वर्षांचा करार लिहू नये. दर आयोगाच्या ताज्या आदेशातून काढायचे, कुणाच्या जुन्या सादरीकरणातून नाही.

काय बिघडतं? प्रत्यक्षात बस ठरल्या वेळी परत येत नाहीत. वाहतूक कोंडीमुळे १० बस रात्री साडेबाराला आल्या तर भार उरलेल्या तासांत दाटतो आणि कमाल मागणी फुगते. म्हणून भारनियंत्रक सॉफ्टवेअरमध्ये वरची मर्यादा घालायची, आणि पहाटे पहिल्या फेरीला जाणाऱ्या बसना प्राधान्यक्रम द्यायचा. हा प्राधान्यक्रम विद्युत अभियंत्याने ठरवू नये, वाहतूक नियंत्रकाने ठरवावा. तो गटात नसेल तर प्रशिक्षण अपुरं.

---

मुठाकाठ | ११ जून, सकाळी ११:२०

शहराची उत्सर्जन-नोंद कुणी मांडली नाही, म्हणून थोडक्यात.

शहरांसाठीची जीपीसी पद्धत २०१४ ची. सूत्र अवघड नाही: विजेच्या युनिटला सुमारे ०.७२ किलो, पेट्रोलच्या लिटरला २.३, डिझेलच्या लिटरला २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. पंपघर यांच्या २.४८ लाख युनिटचे झाले सुमारे १७८ टन. अडचण हद्दीची आहे. महावितरणचे आकडे मंडलानुसार येतात. गणेशखिंड मंडलात पिंपरी आणि भोसरी विभागही येतात, म्हणजे दोन महापालिका एकाच आकड्यात. मंडलाचा आकडा तसाच उचलला तर भोसरीचे कारखाने पुण्याच्या नावावर जमा. विभाग आणि उपविभागापर्यंत उतरावं लागतं.

दुसरी हद्द काळाची. पालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. आधारवर्ष २०१६ चं आणि तुलना आजची केली तर उत्सर्जन वाढलेलंच दिसणार. दोन्ही वर्षं एकाच नकाशावर पुन्हा मांडायची, किंवा दरडोई आकडा वापरायचा आणि तो कोणत्या लोकसंख्येवर आहे ते लिहायचं.

---

ऋता | ११ जून, दुपारी २:४०

दोन भर.

एक, जैववायू. रोज ५ टन ओला कचरा घेणाऱ्या प्रकल्पात टनाला ८० ते १०० घनमीटर वायू धरला तर दिवसाला ४००–५००, आणि घनमीटरला दीड युनिट धरून ६०० ते ७५० युनिट वीज. हा हिशोब फक्त शुद्ध ओल्या कचऱ्याला लागू आहे. नारळाच्या करवंट्या, फांद्या, प्लास्टिक आत गेलं की क्रशर अडतो, डायजेस्टरची (कचरा कुजवण्याच्या बंद टाकीची) जागा निरुपयोगी गाळाने भरते. एकदम जास्त कचरा टाकला की आम्लता वाढते, पीएच ६.८ खाली गेला की मिथेन बनवणारे जिवाणू मंदावतात आणि वायू जळेनासा होतो. तेव्हा कचरा टाकणं थांबवून चुना द्यावा लागतो, आणि सावरायला आठवडे जातात. म्हणून अभियंत्याइतकंच कचरा वेगळा करणाऱ्यांचं ज्ञान या अभ्यासक्रमात आलं पाहिजे. स्वच्छ सहकारी संस्थेच्या सदस्यांना कुठल्या भागातून कसा कचरा येतो ते वर्षानुवर्षं ठाऊक आहे. त्यांना शिकवायला बोलवा, आणि त्या तासांचं मानधन इतर व्याख्यात्यांइतकंच द्या.

दोन, तंत्रज्ञ. सूर्यमित्र या सौर तंत्रज्ञांच्या सरकारी प्रशिक्षणातून आलेल्या मुलांना उंचीवर काम करण्याचा पट्टा, डीसी आर्क (डीसी विजेची न विझणारी ठिणगी), कनेक्टर हे शिकवलेलं असतं. पण त्यांना नेमणाऱ्या पर्यवेक्षकाला ते माहीत नसलं तर तो घाई करून पट्टा काढायला लावतो. पर्यवेक्षकांचा एक पूर्ण दिवस सुरक्षेचा ठेवा.

---

अंशुमाली | ११ जून, रात्री १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. आराखडा असा बदलतोय:

गट तिघांचा, पण चौथी जागा मोकळी: परिवहनात वाहतूक नियंत्रक, घनकचऱ्यात वर्गीकरण करणारी ताई, शाळांत मुख्याध्यापक. जागेची नोंदवही परीक्षेचा भाग. सोसायट्यांसाठी दोन दिवसांची वेगळी शाखा, दुसरा दिवस गच्चीवर. पर्यवेक्षकांचा सुरक्षा दिवस सक्तीचा.

एक प्रश्न उरतो: वर्ष सुरू कधी करावं? माझ्या मनात जून होता, शैक्षणिक वर्षासारखा.

---

निविदाकार | ११ जून, रात्री १०:४०

जून नको. पालिकेचं अंदाजपत्रक साधारण जानेवारी-फेब्रुवारीत मांडलं जातं, आणि खात्यांच्या मागण्या त्याआधी मागवल्या जातात. पूर्वगणन पत्रक नोव्हेंबरअखेर तयार नसेल तर काम थेट वर्षभर पुढे जातं. एप्रिलमध्ये सुरू करा. बिलं मेपर्यंत, मोजमाप जून ते ऑगस्ट, पत्रक आणि कराराचा मसुदा नोव्हेंबरपर्यंत. हिवाळ्यात आधाररेषेच्या सह्या. नव्या आर्थिक वर्षात निविदा. आचारसंहितेचा काळ कधी येतो ते बघून दोन महिने हाताशी ठेवा.

---

पंपघर | ११ जून, रात्री ११:००

एप्रिलला पाठिंबा, पण बिलं संपायची वाट न पाहता एक मोजमाप मेमध्येच घ्या. धरणातून कच्चं पाणी उचलणाऱ्या पंपाला उन्हाळ्यात पातळी खाली गेल्यामुळे हेड जास्त पडतं आणि ऑगस्टमध्ये कमी. एकाच ऋतूतल्या वाचनावर पंप निवडला तर दुसऱ्या ऋतूत तो आपल्या उत्तम बिंदूपासून दूर चालतो, कंपन वाढतं, बेअरिंग जातात. दोन्ही वाचनं पत्रकाला जोडा.

---

केव्हीए_तास | १२ जून, सकाळी ८:१५

प्रत्येक गटाला लागणारी साधनं: नोंद ठेवणारा थ्री-फेज पॉवर अ‍ॅनालायझर, क्लँप मीटर, अल्ट्रासॉनिक प्रवाहमापक, कॅलिब्रेशन केलेले दोन दाबमापक, लक्समीटर, अर्थ टेस्टर, थर्मल कॅमेरा. महाग साधनं पाच-सहा गटांत मिळून चालतील. अ‍ॅनालायझर किमान ७ दिवस सलग लावा. त्यात रविवार आला पाहिजे आणि नोंद १५ मिनिटांच्या अंतराने.

सीटी लावताना बाण भाराकडे आहे का ते तिन्ही फेजवर तपासा. एक उलटी लागली तर त्या फेजची शक्ती वजा होते, एकूण वाचन एक-तृतीयांशावर येतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पहिल्या दहा मिनिटांनंतर अ‍ॅनालायझरचं वाचन महावितरणच्या मीटरच्या डिस्प्लेशी ताडून बघायचं. गुणक लावल्यावर फरक ३ टक्क्यांहून जास्त असेल तर जोडणी पुन्हा करायची, मगच सात दिवसांची नोंद सुरू. पॅनेलचं दार उघडण्याआधी खात्याच्या अधिकृत वायरमनची उपस्थिती आणि नोंदवहीत त्याची सही.

---

अंशुमाली | १२ जून, सकाळी ९:३०

घेतलं. बिलांच्या तक्त्याचा रिकामा नमुना आणि नोंदवहीची पानं या रविवारी इथेच चढवतो. पंपघर, मोजमापाच्या पानावर पाइपचा आतला व्यास कसा पडताळला यासाठी वेगळा रकाना ठेवू का, की टाकी-चाचणीचं वाचन पुरे?

---

पंपघर | १२ जून, सकाळी ९:५०

दोन्ही ठेवा. शेजारी मापकाच्या आधीची आणि नंतरची सरळ लांबी लिहायला जागा, आणि टाकी-चाचणीच्या वेळी बाहेर जाणारा व्हॉल्व्ह कुणी बंद केला त्याचं नाव.